स्त्रीची अब्रू आणि पुण्याचे लोकमत : १८६३ ते १८९७

स्त्रीवरील बलात्काराविषयी एखादा समाज काय बोलतो, हे पाहणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोणत्या प्रसंगी बोलतो व कोणत्या प्रसंगी मौन धरतो, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास अगत्याचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुणे शहर या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. पस्तीस वर्षांच्या अवधीत येथील लोकमतापुढे तीन निरनिराळे प्रश्न आले. तिन्हींत जुलूम स्त्रीच्या देहावरच होता. परंतु निवाडा मात्र प्रत्येक वेळी निराळा झाला.

पहिला प्रश्न विधवेचा. जोतीराव फुले यांनी मलबारींच्या टिपणांवर ४ डिसेंबर १८८४ रोजी जो अभिप्राय दिला, त्यात पुण्यातील एका तरुण ब्राह्मण विधवेची हकीकत आहे. ती फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकास होती. एका शास्त्र्याने तिच्या मागे लागून, ती आरंभी नकार देत असताही, अखेर तिला फशी पाडले. लोकलज्जेच्या भयाने तिने अर्भकाचा जीव घेतला व १८६३ साली तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कायद्याने जाब विचारला तो तिलाच. या घटनेनंतर फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८४ पर्यंत तेथे ३५ गरोदर विधवा आल्याचे फुल्यांनी नमूद केले आहे. पुढे १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नामक विधवेवर बालहत्येचा खटला झाला, तेव्हा ‘पुणेवैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीवर दोषारोप केला. त्यास बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहून उत्तर दिले. तो १८८२ साली पुण्यातच छापला गेला. दोष दोघांचा असता कलंक एकटीच्याच माथी का, हा त्यांचा रोखठोक सवाल होता.

दुसरा प्रश्न विवाहित बालिकेचा. १८६० च्या दंडसंहितेने दहा वर्षांखालील पत्नीशी समागम हा गुन्हा ठरविला होता. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही सुमारे अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमामुळे मृत्यू पावली. तिने दहा वर्षे ओलांडली असल्याने पतीस बलात्काराच्या कलमाखाली दोषी ठरविता आले नाही. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारे विधेयक मांडले. पुण्यात त्यावरून रणे माजली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी शास्त्राधारे त्याचे समर्थन केले, तर टिळकांनी शास्त्राधारेच त्यांचे खंडन केले. टिळक बालविवाहाचे कैवारी होते, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. मुलीचे लग्न सोळाव्या वर्षापूर्वी न करण्याची स्वेच्छा प्रतिज्ञा त्यांनीच १८९० मध्ये सुचविली होती. त्यांचा आक्षेप परकीय सरकारच्या हस्तक्षेपास होता. तथापि ‘सुधारका’तील आगरकरांसारख्यांचे लेखन वगळता, वादाचा भर गर्भाधानविधी व सरकारचा अधिकार यांवरच राहिला, मुलीची वेदना हा गौण विषय ठरला. १९ मार्च १८९१ रोजी विधेयक संमत झाले.

तिसरा प्रश्न प्लेगच्या साथीत उभा राहिला. १८९७ च्या मार्चपासून रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या. स्त्रियांच्या विटंबनेच्या तक्रारी सर्वत्र होऊ लागल्या व सहा वर्षांपूर्वी परस्परांशी भांडणारे पक्ष या बाबतीत एकाच संतापाने बोलू लागले. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच सुमारास इंग्लंडात असलेल्या गोखल्यांनी शिपायांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप वृत्तपत्रातून केला. परत आल्यावर पुरावा हाती न लागल्याने त्यांना ऑगस्टमध्ये जाहीर माफी मागावी लागली. प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये लिहिले होते, तेही सरकारने नाकारले.

या तीन प्रसंगांची तुलना केली असता लोकमताचे माप स्पष्ट होते. जुलमी स्वजातीय पुरुष असता दोष स्त्रीला लागला. तो पती असता प्रश्न धर्माचा झाला. तो परका शिपाई असता अपमान सबंध शहराचा ठरला. संताप कृत्यावर नसून बहुतांशी कर्त्यावर अवलंबून होता. शिपायांचा जुलूम खोटा होता किंवा लोकांचा क्षोभ दांभिक होता, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्या समाजात नुसत्या बोभाट्याच्या भयाने विधवेने पोटचे मूल मारावे, तेथे झडतीत भ्रष्ट झालेली स्त्री साक्षीस उभी राहील, ही अपेक्षाच व्यर्थ होती. गोखल्यांना जो पुरावा मिळाला नाही, त्याच्या अभावाचा विचार १८६३ च्या त्या शिक्षेसह केला पाहिजे. सूड पुरुषांनी घेतला, माफी पुरुषाने मागितली. ज्यांच्यासाठी हे घडले, त्यांची जबानी कोठेच नाही.

१८९१ चा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत पत्नीच्या वयाची मर्यादा अठरा वर्षे आहे. त्यापुढील वयाच्या पत्नीच्या बाबतीत पतीस दिलेला अपवाद मात्र कायम आहे.