वेगाची बेरीज

बारावीत एका गणिताचं उत्तर शून्य आलं, म्हणून मी ते खोडून टाकलं होतं. गाडी तासभर पळतेय आणि विस्थापन शून्य? कन्नडहून घाट उतरून परत वर आलो, तर पेट्रोल जळतंच की!

पेट्रोल जळतं ते अंतराचं. विस्थापन एवढंच विचारतं: निघालात तिथून आता किती लांब आणि कुठल्या दिशेला आहात? वेगाचं इंटिग्रेशन म्हणजे प्रत्येक क्षणाचा वेग गुणिले तो इवलासा काळ, आणि अशा सगळ्या तुकड्यांची बेरीज. समजा, सरळ रस्त्यावर जाताना ताशी ४० किलोमीटरने अर्धा तास गेलात: अधिक २०. येताना तसंच: उणे २०. अंतर ४०, विस्थापन शून्य. स्पीडोमीटरला उणे माहीत नसतं. वेगाला दिशा असते.

हे ‘उणे’ मला पटलं ते भास्कराचार्यांमुळे. आमच्या घाटाखाली, चाळीसगावजवळ पाटण आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून १२०७ मध्ये त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. हे सगळं तिथल्या शिलालेखात कोरलेलं आहे.

१५० नव्हे, तब्बल पावणेनऊशे वर्षांपूर्वी, ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्य चंद्राच्या ‘तात्कालिक’ गतीचा विचार करतात. चंद्र रोज सरासरी तेरा अंश सरकतो, पण ही गती सतत बदलते. तिथी नेमकी कधी संपते हे काढायला दिवसाची सरासरी पुरत नाही. त्या क्षणाची गती लागते. मंगळ वक्री झाला, म्हणजे आकाशात उलटा सरकताना दिसला, की त्याची गती उणे. महिन्याभराने तो कुठे दिसेल, हे या अधिक-उण्यांच्या बेरजेवरच ठरतं.

मग कॅल्क्युलस भास्कराचार्यांनी शोधलं का? नाही. क्षणाची गती त्यांच्याकडे होती. गोलाचं पृष्ठफळही त्यांनी पट्ट्या पाडून, त्यांची बेरीज करून काढलं. पण गती काढणं आणि बेरीज करणं या एकमेकींच्या उलट क्रिया आहेत, हा सर्वसाधारण नियम सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी वापरात आणला. फुगवून सांगायची गरजच नाही. आहे तेवढंही थोडं नाही.

शाळेत असताना आमची सहल पाटणादेवीला गेली होती. दर्शन घेतलं, डबे खाल्ले, धबधब्यात भिजलो. मठाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी बस घाट चढून कन्नडला परत.

त्या सहलीचं विस्थापन शून्य. हे उत्तर मात्र मी आता खोडणार नाही.