एका गोधडीचे पदर

दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली आणि तिच्या तळाशी माझ्या आईने शिवलेली गोधडी निघाली. सूनबाईने विचारले, "बाबा, ही आता टाकून द्यायची ना?" मी काही न बोलता ती गच्चीत उन्हाला पसरली.

वरचा पदर हिरव्या लुगड्याचा. वडील गिरणगावातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. दिवाळीच्या बोनसातून त्यांनी ते लुगडे आणले होते. "तुमच्याच साच्यावरचं असेल," असे आई म्हणे, आणि वडील नुसते हसत.

सुती कापडाची विद्या आपल्याकडे फार जुनी. आज पाकिस्तानात असलेल्या मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटलेला सुती तुकडा मिळाला. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, आणि मंजिष्ठेने लाल रंगवलेला! लोकर-रेशमापेक्षा सुताला रंग धरवणे अवघड. आधी तुरटीसारखे द्रव्य लावावे, तेव्हा कुठे मंजिष्ठा पक्की बसते. आमच्या रंगाऱ्यांना ही युक्ती साधली होती, म्हणून त्यांचे कापड दूरदूर गेले. कैरोजवळच्या जुन्या फुस्तात नगरीच्या ढिगाऱ्यांतही गुजरातेत छापलेल्या कापडाचे मध्ययुगीन तुकडे सापडले आहेत.

सतराव्या शतकात हे छापील कापड गलबते भरभरून युरोपात जाऊ लागले. हलके, रंगीत, धुतले तरी न विटणारे. तिथल्या बायका त्यावर लुब्ध झाल्या आणि विणकरांचे धाबे दणाणले. फ्रान्सने १६८६ साली बंदी घातली. इंग्लंडने १७०१ पासून छापील मालाची आयात रोखली. तेवढ्याने भागेना, तेव्हा १७१९ साली लंडनच्या विणकरांनी भर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे असले झगे फाडले! अखेर १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड वापरण्यावरही बंदी आली.

शाळकरी वयात हे वाचले तेव्हा मला संताप आला होता. आमचा माल सरस, म्हणून त्याला दार बंद! आजही ते झगे फाडणे मला क्षम्य वाटत नाही. पण त्या विणकरांच्या पोटातली भीती मात्र आता कळते. ती कशी कळली, ते पुढे येईलच.

पुढे इंग्लंडात यंत्रे आली. १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्जची, १७६९ साली आर्कराइटची. एकोणिसाव्या शतकात प्रवाह उलटा फिरला आणि लँकेशायरचे कापड आमच्या बाजारात आले. विणकर गिरणीचे सूत घेऊन कसाबसा तग धरू शकला. पण घरी बसून सूत कातणारीची चार पैशांची मिळकत आधी गेली. तिच्यासाठी कोणी कायदा केला नाही.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. इथल्या गिरण्या उभ्या राहतात तोच १८९६ साली सरकारने त्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. लँकेशायरला इथल्या मालाची स्पर्धा जाचू नये, हा हेतू! तो उठायला १९२६ साल उजाडले. दरम्यान १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. लंडनात दुसऱ्याच्या अंगावरचे वस्त्र फाडले गेले. पुण्यात लोकांनी स्वतःच्या घरातले आणून दिले. फरक मोठा आहे. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: या धाग्यावर कोणाची चूल पेटते?

तो प्रश्न आमच्या खोलीत आला १८ जानेवारी १९८२ रोजी. त्या दिवशी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कित्येक गिरण्यांची धुराडी थंड झाली ती कायमची. वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. भोंगा वाजत नसे, तरी ते पहाटे पाळीच्या वेळी उठून बसत. त्या दिवाळीला नवे लुगडे आले नाही. आईने विरलेले हिरवे लुगडे काढले, खाली जुनी धोतरे घातली आणि ही गोधडी शिवली. दोरा भरायला वडील बसत. तुटलेला धागा सांधण्यात आयुष्य गेलेला हात, तो सुईत दोरा एका खेपेत ओवी.

संध्याकाळी सूनबाई गच्चीवर आली. मी तिला हे सारे सांगितले. तिने टाक्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, "मग ते लुगडं खरंच आजोबांच्या साच्यावरचं होतं?"

"कोण जाणे," मी म्हटले. "पण कोणाच्या तरी साच्यावरचं होतंच ना!"

तिने गोधडी झटकली, घडी घातली आणि ट्रंकेत न टाकता माझ्या पलंगावर आणून ठेवली.