घरच्या जोडणीला मेलबंदी

जळगावच्या एखाद्या डाळमिलवाल्यानं किंवा रावेरच्या केळीच्या व्यापाऱ्यानं जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा मेल सर्व्हर बसवला आणि घरगुती ब्रॉडबँडवरून दिल्लीला बिलं धाडली, तर जीमेल ती बहुधा दारातूनच परत पाठवतं. मजकुरात खोट नसते. नडतो तो आयपी पत्ता.

मेलच्या जन्मावेळी ही अडवणूक नव्हती. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, म्हणजे एसएमटीपीचे, नियम लिहिले, तेव्हा २५ नंबरच्या पोर्टवर कुठलंही यंत्र कुठल्याही यंत्राच्या हाती पत्र देऊ शकत होतं. पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची तरतूदच नव्हती, कारण नेटवर्कवर होती मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधनसंस्था.

डायल-अप आलं आणि स्पॅमवाल्यांचं फावलं. फोन लावायचा, हजारो पत्रं सोडायची, फोन ठेवायचा. पुढच्या वेळी पत्ता नवा. तेव्हा डायल-अप पत्त्यांची यादीच तयार झाली. पॉल व्हिक्सी यांच्या ‘मॅप्स’ या स्पॅमविरोधी संस्थेनं ती पुढे चालवली. यादी मानणारे सर्व्हर त्या पत्त्यांवरून थेट आलेलं पत्र घेत नसत. डिसेंबर १९९८ मध्ये ग्राहकांसाठी ५८७ हा वेगळा पोर्ट ठरला: पत्र आधी आपल्या मेल कंपनीच्या सर्व्हरकडे सोपवायचं, पुढे तो पाठवील.

घराघरांवर गदा आली ती २००३ मध्ये. सोबिग विषाणूनं विंडोजचे कॉम्प्युटर मालकाच्या नकळत स्पॅमच्या कामाला जुंपले. त्याच वर्षी एओएलनं घरगुती जोडण्यांवरून थेट येणारी पत्रं नाकारायला सुरुवात केली. जानेवारी २००७ मध्ये स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची पीबीएल यादी आली. तिच्यात इंटरनेट कंपन्या स्वतःच आपले घरगुती पत्ते नोंदवतात. तिथे नाव लागायला एकही स्पॅम पाठवावं लागत नाही.

बीएसएनएलचं ब्रॉडबँड देशात सुरू झालं जानेवारी २००५ मध्ये. जळगाव-धुळ्याच्या घरांत ते पोचलं, तोवर निकाल लागून गेला होता. खानदेशातल्या माणसाचा त्यात ना गुन्हा होता, ना त्याला कुणी विचारलं.

२००३ ची बंदी मला रास्तच वाटते. तिच्यावाचून मेल बुडाला असता. पण पाठवणाऱ्या डोमेनची ओळख पटवणारी डीकेआयएमची डिजिटल सही २००७ पासून उपलब्ध आहे. सही पटत असताना केवळ पत्ता पाहून पत्र परतवणं अन्यायाचं आहे.

हा अन्याय दूर होईपर्यंत स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी स्थिर आयपी घ्यावा, त्याची रिव्हर्स डीएनएस नोंद करून घ्यावी आणि तो पीबीएलमधून काढण्याचा अर्ज करावा. बाकीच्यांनी पोर्ट ५८७ वापरावा.