बोहारीण आणि खांदेश्वरचा पोटमाळा

नवरात्र तोंडावर आलं की मराठी घरांत गोधड्या धुवायला निघत, माळे उपसले जात. विटके कपडे मात्र फेकायचे नसत, ते जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीचे. दोन साड्यांवर पातेलं, की वर एक शर्टही? घासाघीस दारातच रंगायची. खऱ्या जरीच्या साडीला भाव वेगळा, कारण जरी जाळून चांदी निघे. व्यवहार चोख, दोन्ही बाजूंनी!

पुढे घरंच बदलली. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या शहर विकास महामंडळाने पनवेलच्या आसपास वसाहती उभारल्या. खांदेश्वर त्याच पट्ट्यातलं. गावच्या घराला ओटी, पडवी, माळा. फ्लॅटला पोटमाळा, फार तर बाल्कनी. पसारा तिथेच कोंबला जातो. गेटवर वॉचमन, सातव्या मजल्यावर बंद दार. बोहारणीची हाक तिथवर पोचत नाही.