नोकरी हातात नसताना पुण्यात जाताना : आधी पत्ता, मग पगार

आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी झाली की विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये एकच विषय निघतो : पुण्याला जायचे. नोकरी ठरलेली नसते. कुणीतरी पुढे गेलेला असतो, तो म्हणतो, "ये, बघू." त्या दोन शब्दांवर पोरगं बॅग भरतं. यात चूक काही नाही. गावात बसून चाकणची नोकरी मिळत नाही. मुलाखतीचा फोन सकाळी येतो आणि दुपारी गेटवर हजर राहायचे असते. प्रश्न जावे की नाही हा नाही. जाताना काय हाताशी असावे, हा आहे.

हा लेख पुण्याला समोर ठेवून लिहिला आहे. नागपूर, नाशिक किंवा नवी मुंबईला जाणाऱ्यांनाही बराचसा उपयोगी पडेल.

बडोद्याचे अकरा दिवस

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण पाठीशी होते, संस्थानाची शिष्यवृत्ती घेतलेली होती, महालेखापालांच्या कचेरीत जागा होती. म्हणजे नोकरी हातात होती. नव्हते ते राहायचे ठिकाण. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेली. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे विचारून झाले. दोघांनीही आपापली कारणे सांगितली. बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मचरित्रपर टिपणांत हे सगळे आले आहे.

हा प्रसंग आपण अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो. शहरात जाणाऱ्या तरुणाने तो आणखी एका अर्थाने वाचावा : नोकरी असूनही पत्ता नसेल तर शहर टिकू देत नाही. उलट पत्ता पक्का असेल तर नोकरीशिवाय तीन-चार महिने काढता येतात. ज्याचा मामा कोथरूडला आणि काका चिंचवडला असतो, तो मुलगा खरे तर 'नोकरी नसताना' जातच नाही. पहिले सहा महिने त्याला भाडे नसते, डबा नसतो, डिपॉझिट नसते. आपल्यातल्या बहुतेकांना हे सगळे पहिल्या दिवसापासून रोख मोजावे लागते.

पैसे किती लागतात

गावाकडे हिशोब असा होतो : तीन महिन्यांत काम लागेल, म्हणून तीन महिन्यांचे पैसे. इथेच गणित फसते. काम तिसऱ्या महिन्यात लागले तरी पहिला पगार चौथ्या महिन्यात हातात पडतो, आणि महिन्याच्या मध्यात रुजू झालात तर तोही अर्धाच. म्हणून हिशोब चार महिन्यांचा धरा.

एक उदाहरण मांडून बघू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुमच्या भागातले भाव विचारून ते बदला. समजा खोलीचे भाडे ९,००० आणि डिपॉझिट दोन महिन्यांचे, म्हणजे १८,०००. तिघे मिळून राहिलात तर एकाच्या वाट्याला भाडे ३,००० आणि डिपॉझिट ६,००० येते. मेस ३,०००, प्रवास १,०००, फोन आणि किरकोळ १,००० धरले तर महिन्याला ८,०००. चार महिन्यांचे ३२,००० अधिक डिपॉझिट ६,०००, एकूण ३८,०००. तोच मुलगा एकटा राहिला तर महिन्याला १४,०००, चार महिन्यांचे ५६,०००, वर डिपॉझिट १८,०००, एकूण ७४,०००. खोली तीच, शहर तेच. एजंट मधे असेल तर त्याची दलाली वेगळी; साधारण एक महिन्याचे भाडे मागतात.

परतीच्या तिकिटाचे पैसे यात धरू नका. ते आईकडे ठेवून जा.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो : आईच्या नावावर मायक्रोफायनान्सचे गटकर्ज काढून जाऊ नका. त्याचा हप्ता आठवड्याला किंवा पंधरवड्याला सुरू होतो, तुमचा पगार चार महिन्यांनी. मधल्या काळात वसुलीवाला तुमच्या घरी येतो, तुमच्याकडे नाही. पैसे कमी पडत असतील तर दोन-तीन महिने तालुक्याला मिळेल ते काम करा आणि मग निघा.

कुठे उतरायचे

काम कुठे मिळेल हे माहीत नसते, म्हणून जिथून सगळीकडे जाता येते अशी जागा धरावी. पुणे-लोणावळा लोकलचा पट्टा त्यासाठी सोयीचा आहे. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव ही स्टेशने एका रेषेत आहेत आणि लोकलचा मासिक पास हा शहरातला सर्वांत स्वस्त प्रवास आहे. दापोडी, बोपोडी, पिंपरी इथे मेट्रोही आहे. याच पट्ट्यात आपली जुनी, मोठी वस्ती आहे, विहारे आहेत. ओळख काढता येते.

चाकणला रेल्वे नाही. नाशिक फाटा-भोसरीकडून नाशिक रस्त्याने बस किंवा कंपनीची गाडी. रांजणगाव नगर रस्त्याला, पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर. तिथे काम लागले तर तिथेच राहायला जावे लागते. म्हणून पहिल्या महिन्यात अकरा महिन्यांचा करार करून अडकू नका. आधी कॉट बेसिसवर राहा, काम लागल्यावर खोली बघा.

खोली मागताना

'व्हेज की नॉनव्हेज', 'गाव कोणतं', 'पूर्ण नाव सांगा'. हे प्रश्न कशासाठी असतात हे आपल्याला सांगायची गरज नाही. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांविषयीचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर नाकारले जाते, किंवा जादा भाडे आणि अटी लावून दिले जाते, हे त्यात नोंदवले गेले. पुण्यात वेगळे असेल असे मानायला कारण नाही.

आडनाव लपवावे का? मुले हे खासगीत विचारतात, जाहीर कुणी बोलत नाही. माझे मत : लपवू नये, आणि त्यामागे केवळ तत्त्व नाही, व्यवहारही आहे. करारावर आधार कार्ड लागते, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते. नाव कळायचे ते कळतेच, फक्त तेव्हा तुमचे डिपॉझिट घरमालकाकडे अडकलेले असते. बडोद्यातही नाव फार दिवस लपले नाही. नकार यायचाच असेल तर तो पैसे देण्याआधी आलेला बरा.

नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कायदा आहे, पण 'खोली दुसऱ्याला दिली' एवढेच सांगणाऱ्या मालकाविरुद्ध पुरावा उभा करणे कठीण असते. कुणी जातीचे कारण लेखी, मेसेजवर किंवा साक्षीदारासमोर दिले तर मात्र सोडू नका. मेसेज जपून ठेवा आणि स्थानिक कार्यकर्त्याला बरोबर घेऊनच पोलीस ठाण्यात जा.

खोली मिळाल्यावर करार लेखी आणि नोंदणीकृत करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. हे फार थोड्या भाडेकरूंना ठाऊक असते. कॉट बेसिसवर करार कुणी करत नाही. तिथे निदान पैसे रोख न देता फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते.

मुलींचा हिशोब वेगळा आहे, कारण स्वस्त खोली आणि सुरक्षित खोली एकच असेल असे नाही. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांच्या केंद्रीय योजनेत नोकरीसाठी प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींनाही काही जागा देता येतात. प्रवेशाचे नियम जाण्याआधी फोनवर विचारून घ्या. पहिला मुक्काम ओळखीच्या कुटुंबातच ठरवा, 'गेल्यावर बघू' म्हणून निघू नका.

गावातूनच काढून न्यायचे कागद

जातीचा दाखला मूळ गाव ज्या उपविभागात येते तिथूनच मिळतो, आणि पडताळणीही तिकडच्याच जिल्हा समितीकडून होते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंबाचे वास्तव्य कुठे होते हे पाहतात. पुण्यात चार वर्षे राहिलात म्हणून पुण्यातून दाखला मिळणार नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्या पातळीवरही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, पण केंद्राच्या भरतीत केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागतात. तोही निघण्याआधीच काढा. नाहीतर एका कागदासाठी दोन वेळा गावी खेप होते आणि तेवढ्यात मुलाखत जाते.

रेशन कार्डावर नाव असेल आणि आधार जोडलेले असेल तर 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत तुमच्या वाट्याचे धान्य पुण्यातल्या रास्त भाव दुकानातूनही घेता येते. बाकीचे कुटुंब गावी आपला वाटा उचलू शकते. तिघे मिळून स्वयंपाक करणार असाल तर हा मेसच्या खर्चात मोठा फरक आहे.

काम शोधताना

नोंदणी, युनिफॉर्म, गेटपास, मेडिकल, कोणत्याही नावाखाली नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. मूळ प्रमाणपत्रे कुणाकडेही जमा करू नका. दाखवा आणि परत घ्या.

पहिले काम बहुधा ठेकेदारामार्फतच मिळेल. ते घ्यायला हरकत नाही, पण चार गोष्टी विचारा : हातात किती येणार, पगार बँकेत की रोख, पगाराची पावती मिळणार का, आणि पीएफचा यूएएन क्रमांक कधी मिळेल. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, योजनेत येणाऱ्या कामगाराचे ईएसआयसाठी ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्या बदल्यात उपचार मिळतात. कापतात आणि भरत नाहीत, असेही होते. यूएएन मिळाला की फोनवर पासबुक उघडून दर महिन्याला पाहा.

ऑफिसच्या नोकऱ्यांत आडनावाचा प्रश्न पुन्हा येतो. २००७ साली थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले होते. दलित नावाला प्रतिसाद मिळण्याची शक्यता कमी निघाली. म्हणून वीस अर्जांना उत्तर आले नाही तर लगेच स्वतःत खोट शोधू नका. तिथेच आत काम करणाऱ्या आपल्या माणसाची ओळख हीच अजून सर्वांत उपयोगी पडते.

बंगळूर किंवा हैदराबादला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथल्या राज्य सरकारच्या नोकऱ्यांत आपले आरक्षण चालत नाही, जातीचे नाव त्या राज्याच्या यादीत असले तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या बीरसिंग प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. केंद्राच्या अखिल भारतीय भरतीत मात्र महाराष्ट्राचा दाखला चालतो.

विहार समित्यांसाठी

गिरणगावात एकेका गावाची खोली असायची. नवा आलेला माणूस थेट तिथे उतरायचा आणि काम लागेपर्यंत त्याचे भागायचे. ती व्यवस्था गिरण्यांबरोबर गेली आणि आपण तिच्या जागी काही उभे केले नाही. दापोडी-पिंपरीतल्या विहारांनी एक वही ठेवली तरी पुष्कळ आहे : कोणत्या खोलीत कॉट रिकामी आहे, कोणता मालक आडनाव विचारत नाही, कोणता ठेकेदार पगार बुडवतो, कोण कोणत्या कंपनीत आहे. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास एका कार्यकर्त्याने बसावे. याला देणगी लागत नाही. जयंतीच्या बॅनरवर शुभेच्छुकांचे जेवढे नंबर असतात, त्यातले दहा जण नवीन आलेल्या मुलाचा फोन उचलत असतील तर वही भरायला महिना पुरे.

परत यायचे झाले तर

निघतानाच तारीख ठरवा आणि घरी सांगून ठेवा. त्या तारखेपर्यंत काम नाही लागले तर परत यायचे, उसनवारी करून मुक्काम वाढवायचा नाही. खोली सोडण्याची नोटीस करारात असेल तेवढी, साधारण एक महिना आधी, मेसेजवर लेखी द्या. म्हणजे डिपॉझिटमधून महिनाभर भाडे कापायला कारण उरत नाही. जाताना वीज मीटरचा आणि रिकाम्या खोलीचा फोटो काढा, डिपॉझिट बँकेत मागा, आणि ते जमा झाल्यावरच किल्ली द्या. सोबत्यांपैकी कुणी तिथेच राहणार असेल तर आपला वाटा मालकाकडून न मागता त्याच्याकडून घ्या आणि करारावरचे आपले नाव कमी करून घ्या.