गुन्हेगार नायकाचे ब्रीद आणि मुंबईचा कामगार

मुंबईच्या हिंदी व मराठी चित्रपटांतील गुन्हेगार नायक कायदा मोडतो. परंतु स्वतःचे ब्रीद सहसा सोडीत नाही. या ब्रीदाचे मूळ कोठे शोधावयाचे, हा सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे.

‘दीवार’ (१९७५) या चित्रपटाची साक्ष या बाबतीत महत्त्वाची ठरते. त्यातील विजय हा कामगार-पुढाऱ्याचा मुलगा असून स्वतः गोदीत हमाली करतो. गुंडांना हप्ता देण्याचे तो नाकारतो, ते हमाल असतानाच. तस्करांच्या टोळीत त्याचा प्रवेश होतो तो त्यानंतर. अर्थात ब्रीद आधीचे आणि गुन्हा मागाहूनचा. श्रमिकाचा स्वाभिमानच येथे टोळीत शिरलेला दिसतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. त्याच्या अपयशानंतर या स्वाभिमानाचा आधार खचत गेला. ‘सत्या’ (१९९८) मध्ये निष्ठा मित्रापुरती उरते. भिकू म्हात्रेचा घात त्याचा राजकीय आश्रयदाताच करतो. ‘वास्तव’ (१९९९) मध्ये पावभाजीच्या गाडीवरील भांडणातून बेकार तरुण खुनाकडे वळतो आणि अखेर आईच त्याला गोळी घालते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावर आधारलेल्या ‘लालबाग परळ’ (२०१०) मध्ये तर संपकरी गिरणी-कामगाराच्या घरातलाच मुलगा टोळीच्या हाती लागतो.

चित्रपट हा इतिहासाचा पुरावा म्हणून सावधपणेच वापरावा लागतो. तथापि, ज्या शहरात श्रमाची प्रतिष्ठा ढासळली, तेथील गुन्हेगार नायकाचे ब्रीदही टिकले नाही, एवढा निष्कर्ष या चित्रपटांवरून काढता येतो.