निदान आणि निवेदन : एर्क्युलीन बार्बां यांच्या आत्मकथनाची संहिता

‘निदान’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ आदिकारण असा आहे. वैद्याकडे जाणारा मनुष्य आपल्या दुखण्याचे कारण विचारीत असतो, आणि ते सांगणे एवढेच वैद्याचे काम असते. स्त्री आणि पुरुष या दोन साच्यांपैकी कोणत्याही एकात पुरतेपणी न बसणाऱ्या, म्हणजेच आंतरलिंगी शरीरांच्या बाबतीत मात्र आधुनिक वैद्यकाने या प्रश्नाची अदलाबदल केली. प्रश्न ‘काय दुखते?’ असा होता. उत्तर ‘तू कोण आहेस?’ या न विचारलेल्या प्रश्नाचे मिळाले. या अदलाबदलीचा सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे एर्क्युलीन बार्बां यांचे आत्मकथन.

बार्बां यांचा जन्म 1838 साली फ्रान्समधील सँ-जाँ-दांजेली या गावी झाला. नोंद मुलगी अशी झाली. घरचे नाव अलेक्सिना. शिक्षण जोगिणींच्या मठांत झाले आणि पुढे मुलींच्या एका निवासी शाळेत अध्यापिकेची जागा मिळाली. तेथील एका सहशिक्षिकेशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले. याच काळात जांघेत तीव्र वेदना सुरू झाल्या आणि डॉक्टरला बोलवावे लागले. तपासणीने हा डॉक्टर हादरला, परंतु आपण काय पाहिले हे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले नाही. वैद्यकाची पहिली प्रतिक्रिया अशी मौनाची होती. बोलणे भाग पडले ते कबुलीजबाबानंतर. बार्बां यांनी ला रोशेलच्या बिशपपुढे सारे सांगितले. कबुलीचे गुपित खुले करण्याची संमती घेऊन बिशपने डॉ. शेस्ने यांना पाचारण केले. धर्मपीठ, दवाखाना आणि न्यायालय असा हा प्रवास 1860 साली पुरा झाला. जन्मनोंदीत लिंग बदलले गेले आणि नाव ‘आबेल’ झाले.

शेस्ने यांचा अहवाल वैद्यकीय असला तरी त्याची घडण युक्तिवादाची आहे. अलेक्सिना स्त्री आहे काय, असा प्रश्न तो स्वतःच उभा करतो, स्त्रीत्वाच्या खुणा मांडतो, मग त्यांच्यासमोर पुरुषत्वाच्या खुणा रचतो आणि पुरुष लक्षणांचे प्राबल्य पाहून निवाडा देतो. या पुराव्यात अवयवांबरोबर ‘कल’ही येतो: स्त्रियांविषयीची ओढ ही पुरुष असण्याची खूण ठरते. ज्या प्रेमाला मठाच्या भिंतीआड नाव नव्हते, ते येथे लक्षण म्हणून नोंदले जाते. मूळ वेदनेची मात्र या निवाड्यात दुय्यम साक्षीदाराएवढीच जागा उरते. तसे होणे स्वाभाविकच होते. 1804 च्या फ्रेंच नागरी संहितेनुसार जन्मनोंदीत लिंग लिहिणे आवश्यक होते, आणि त्या रकान्यात दोनच शब्द बसत होते.

आत्मकथनाची भाषा या रकान्याला जुमानत नाही. फ्रेंचमध्ये विशेषणे आणि धातुसाधिते लिंगानुसार बदलतात. बार्बां स्वतःविषयी कधी स्त्रीलिंगी तर कधी पुल्लिंगी रूप योजतात. इंग्रजी अनुवादात ही उलघाल व्याकरणातून उतरू शकत नाही. मराठी वाचकाला ती चटकन उमगेल, कारण ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे ठरविल्यावाचून आपल्याला भूतकाळातली अनेक साधी वाक्येही उच्चारता येत नाहीत. न्यायालयाने एका दिवसात जे ठरविले ते निवेदकाला शेवटपर्यंत एका रूपात स्थिरावता आले नाही. हा शैलीचा दोष नव्हे. निदानाने पुसलेली बावीस वर्षे व्याकरणातून परत येत आहेत.

नव्या नावाने पॅरिसला आलेल्या बार्बां यांच्या वाट्याला एकाकीपण आणि हलाखी आली. फेब्रुवारी 1868 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, कोळशाच्या शेगडीच्या वायूने त्यांनी जीवन संपविले. हस्तलिखित खोलीत सापडले. शवविच्छेदनाचा अहवाल डॉ. गूजाँ यांनी 1869 मध्ये प्रसिद्ध केला. न्यायवैद्यकाचे अभ्यासक आंब्र्वाज तार्दिय यांनी 1870 च्या दशकाच्या आरंभी आपल्या ग्रंथात आत्मकथन छापले, परंतु अखेरच्या वर्षांचा बराच भाग गाळून. मूळ हस्तलिखित पुढे मिळाले नाही. ज्या व्यवस्थेने या जीवनाचा निवाडा केला, तिनेच त्याची कहाणी जपली आणि कापली. आज आपण वाचतो ती तिची प्रत.

1978 मध्ये मिशेल फूको यांनी हे आत्मकथन वैद्यकीय व न्यायालयीन कागदपत्रांसह पुन्हा प्रकाशित केले. त्यांना मठातल्या वर्षांत ओळखीच्या सक्तीपूर्वीचे एक निवांत अवकाश दिसले. ज्यूडिथ बटलर यांनी 1990 मध्ये या वाचनावर आक्षेप घेतला: ते सुख कायद्याच्या बाहेरचे नव्हते, त्याच कायद्याने घडविलेले होते. आक्षेप रास्त आहे, कारण मठाचे नियमच त्या जवळिकीला जागा देत होते आणि तिचे नाव घेऊ देत नव्हते. तरीही या वादात एक गोष्ट सुटून जाते. बार्बां यांनी सिद्धांत मागितला नव्हता, लिंगही मागितले नव्हते. दुखण्याचे कारण विचारले होते.

विसाव्या शतकात रकाना कायम राहिला, साधने बदलली. 1950 च्या दशकापासून अमेरिकेत अर्भकावस्थेतच शस्त्रक्रिया करून शरीर रकान्याप्रमाणे घडविण्याची पद्धत रूढ झाली आणि निदान खुद्द त्या व्यक्तीपासून लपविले जाऊ लागले. 1993 मध्ये तेथे आंतरलिंगी व्यक्तींची संघटना उभी राहिली. आपल्यावर काय केले गेले हे तिच्यातल्या अनेकांना प्रौढपणी, इस्पितळातले जुने कागद मिळवून वाचल्यावर कळले होते. बार्बां यांच्याकडून तार्दिय यांच्याकडे गेलेली संहिता येथे उलट्या दिशेने प्रवास करू लागली: फाइलमधून माणसाकडे. निदानाचा हक्क म्हणजे नाव मिळण्याचा हक्क नव्हे. आपल्या शरीराविषयी लिहिलेले वाक्य वाचण्याचा, आणि ते पटले नाही तर स्वतःच्या व्याकरणात पुन्हा लिहिण्याचा तो हक्क आहे. बार्बां यांच्याजवळ त्यासाठी एक वही तेवढी होती, आणि तीही पुरी आपल्यापर्यंत आली नाही.